दहातला एक डबा

"मावशी, जरा इकडं या. घाबरू नका, खेळ आहे."

लोणावळ्याच्या एका रिसॉर्टच्या हॉलमध्ये मी कप गोळा करत होते. कुठल्याशा कंपनीचं शिबिर होतं. बाहेरून आलेले एक सर त्यांना अर्थशास्त्र शिकवत होते, माणूस शहाणपणानं कसा वागतो ते. मला त्यांनी सगळ्यांसमोर उभं केलं. हातात कपांचा ट्रे तसाच.

खेळ असा. एका तरुण साहेबाला चिक्कीचे दहा डबे दिले. त्यातले किती मला द्यायचे ते त्यानं ठरवायचं. मी घेतले तर दोघांनी आपापले न्यायचे. मी नको म्हणाले तर दोघांनाही काही नाही.

साहेबानं विचारलं, "आडनाव काय?" मी सांगितलं. "अच्छा," म्हणाला आणि एक डबा माझ्याकडं सरकवला. नऊ स्वतःपाशी. हॉल हसला.

"शहाणा माणूस घेईल," सर म्हणाले. "शून्यापेक्षा एक बरा."

माझी आई जन्मभर अशीच शहाणी होती. आंबी गावात पाटलांच्या खळ्यावर दिवसभर राबायची, पदरात टाकतील ते घ्यायची, वर हात जोडायची. मला तिचा राग यायचा. त्या दिवशी कळलं, तिला नको म्हणायची सोयच नव्हती.

मी म्हणाले, "नको. आमच्या वस्तीत जयंतीचं जेवान वाटत्यात, तवा वाटणारा शेवटाला घेतो."

पुन्हा हसू. सरांनी फळ्यावर लिहिलं: अविवेकी. "बघा, भावना आड आली. म्हणूनच ही माणसं मागं राहतात." मी तिथंच उभी होते.

खूप बोलायचं होतं. ट्रे घेऊन बाहेर निघाले. लाज वाटली, आणि लाज वाटल्याची चीड आली.

बाहेर सुपरवायझरनं गाठलं. "मावशी, सरांना ख्योळ नीट दाखवायचाय. परत बोलावतील. गप व्हय म्हणायचं. न्हाईतर उद्यापास्नं येऊ नगा." नवरा वर्षभर अंथरुणाला खिळलेला, घरात कमावती मी एकटी. हे त्याला ठाऊक होतं.

पुन्हा उभी राहिले. पुन्हा एकच डबा. हो म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं, "न्हाई."

काही घडलं नाही. सरांनी घड्याळ बघितलं, पुढचा विषय काढला. नियमाप्रमाणं डबे कुणालाच मिळायचे नव्हते. जेवणानंतर ते दहाही साहेबलोकांनीच फोडून खाल्ले. टेबलावरचा चुरा मी पुसला. दुसऱ्या दिवशी फाटकावरूनच मला परत पाठवलं.

आता पार सोमाटण्यापर्यंत काम शोधत फिरते. मिळत नाही. नवऱ्याच्या गोळ्या संपत आल्यात. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण एक ठरलंय. यापुढं कुणी मला असं उभं केलं, तर नुसतं नको म्हणून थांबणार नाही. दहाही डबे आधी साहेबाच्याच हातात का दिले, ते विचारीन. सगळ्यांसमोर. आणि उत्तर मिळेपर्यंत जागची हलणार नाही.