दुहेरी टीप

सही करायची वेळ आली की मास्तर आधी दातांत धरलेल्या टाचण्या काढून गादीत खोचायचे, बोटं धोतराला पुसायचे आणि कागद मशीनच्या पाटावर ठेवून आपलं नाव मराठीत, ठसठशीत लिहायचे. वरचा मजकूर सगळा गुजराती. त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नसे. काय लिहिलंय म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, "आपलं काम सही करानं, वाचानं नही."

सुरतेच्या डिंडोलीत पोलीस चौकीपासून शंभर पावलांवर शिलाईचं दुकान असणं हाच त्यांचा गुन्हा. पंचनामा करायचा म्हणजे पोलिसांना दोन पंच लागतात, जे पाहिलं ते खरं म्हणून सही करणारे. भले लोक अशा वेळी घरात नसतात. लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा कामगार पाळी सोडून येत नाही. मास्तर मात्र कायम जागेवर, पाय मशीनवर. शिवाय जप्त केलेला माल कापडात शिवून त्यावर लाखेचं सील मारायचं असतं, तेव्हा कापडही त्यांचंच आणि सुईदोराही त्यांचाच. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल बघा, ज्याला नाही म्हणता येत नाही म्हणून सगळे त्यालाच हाक मारतात.

माणूस कामाचा मोठा नेटका. चिंधीसुद्धा वेडीवाकडी शिवणार नाही. माझ्या सदऱ्याचं बटण एकदा फुकट लावून दिलं आणि आधीची तीनही उसवून पुन्हा लावली, कारण ती त्यांच्या मनासारखी नव्हती. जमादाराची पँट दर दिवाळीला दोन बोटं सैल करावी लागते, ही चौकीची गुप्त बातमी त्यांनी मला चहा पिताना सांगितली होती आणि वर शपथ घातली होती. मास्तर आणि मी दोघेही खानदेशातल्या तापीकाठच्या गावांतले, त्यामुळे आमचं जमायचं. मी तेव्हा सुरतेच्या कोर्टात एका फौजदारी वकिलांकडे कारकून होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्यांच्याच गल्लीत एका लूमकामगाराचा खून झाला. ऐन वैशाखात, भर दुपारी, पोटात चाकू. पोलिसांनी त्याच्याच पाळीतल्या एकाला धरलं. ज्यांनी भांडण पाहिलं ते दोघे आठवडाभरात सुरत सोडून गेले ते परत आलेच नाहीत. उरला फक्त चाकू. आरोपीच्या खोलीतून, त्याने दाखवलेल्या जागेवरून, पंचांसमक्ष जप्त केलेला, असं कागद म्हणत होता. आरोपीचं वकीलपत्र आमच्या साहेबांकडे आलं.

त्याला जामीन मिळाला, पण सुरतेत घर असलेला एकही जामीनदार मिळाला नाही. तीन वर्षं तो कच्चा कैदी म्हणून आत राहिला. मयताची बायको प्रत्येक तारखेला कोर्टात यायची. साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम ती घरी करायची. त्यातले एकदोन धागे कायम पदराला चिकटलेले असत. ती कुणाशी बोलत नसे. खटला गुजरातीत चालायचा आणि तो तिला किती कळायचा देव जाणे, पण न्यायाधीश उठेपर्यंत ती जागची हलत नसे.

पुरावा सुरू होण्याआधी कोर्टाच्या परवानगीने आम्ही मुद्देमाल पाहायला गेलो. साहेब सील पाहत होते, लेबल पाहत होते. मी चाकूची कापडी पिशवी पाहिली. काठाला मशीनची शिलाई होती, सरळ, दुहेरी टीप. पंचनाम्यात तर लिहिलं होतं की चाकू त्या खोलीतच कापडात शिवून सीलबंद केला. दहा बाय दहाच्या त्या खोलीत पोलिसांनी शिलाई मशीन कुठून आणलं असेल? मी साहेबांच्या कानाशी लागलो. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचा मला फार आनंद झाला होता, हेही लिहून टाकतो.

त्याच आठवड्यात मास्तर समन्स घेऊन माझ्याकडे आले. त्या दिवशी काय झालं ते त्यांनी आपणहून सांगितलं. जमादार त्यांना बोलवायला आला होता. लग्नसराई होती, सतरा पोलकी आणि नवरदेवाचा कोट शिवायचा होता. यांनीच म्हटलं, तुम्ही जाऊन या, मी इथे सही करतो. तासाभराने जमादार चाकू घेऊन आला. मशीनवर कोटाचा दोरा चढवलेलाच होता, त्याच दोऱ्याने मास्तरांनी पिशवी शिवून टाकली. "पण चाकू तठेच सापडना, भाऊ. बाहेर आख्खी गल्ली उभी व्हती. मी फक्त गेलो नही." चाकू सापडला तिथेच, असं ते सांगत होते. मग त्यांनी विचारलं, गेलो होतो म्हणू ना?

मी म्हणालो, जे आहे ते सांगा. शिलाईबद्दल मी चकार शब्द काढला नाही. मी आरोपीच्या वकिलाचा कारकून होतो आणि मीठ खाल्लं होतं. आज हे कारण मला पुरत नाही.

पिंजऱ्यात उभे राहिल्यावर त्यांनी सरकारी वकिलांना सांगितलं की आपण खोलीत गेलो होतो, चाकू आपल्यासमोर निघाला. मागच्या बाकावर ती बाई पदर धरून बसली होती. मग आमचे साहेब उठले. त्यांनी पिशवी मास्तरांच्या हातात दिली आणि शिलाई कुणाची म्हणून गोड आवाजात विचारलं. मास्तरांनी टिपेवरून अंगठा फिरवला.

"माझीच. दुहेरी टीप आहे, साहेब, उसवायची नाही."

मशीनची? मशीनची. मशीन त्या खोलीत होतं? मास्तरांनी पिशवी उलटी करून पाहिली. न्यायाधीशांनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. तेव्हा त्यांनी सांगून टाकलं की मी खोलीत गेलोच नव्हतो, चाकू मी माझ्या दुकानात पाहिला. मग पिंजऱ्याचा कठडा धरून म्हणाले, पण साहेब, चाकू तिथेच सापडला होता. आमच्या साहेबांनी विचारलं, तुम्ही पाहिलं? नाही. मग जेवढं पाहिलं तेवढंच बोला.

सरकारी वकिलांनी त्यांना फितूर ठरवलं. दुसरा पंच कधीच सापडला नाही आणि जमादाराच्या एकट्याच्या शब्दावर कोर्टाने विश्वास ठेवला नाही. आरोपी सुटला. त्याने पेढे वाटले. मी खाल्ला.

निकालानंतर ती बाई मास्तरांच्या दुकानात गेली. मी तिथेच बसलो होतो. ती ओरडेल असं मला वाटलं, पण तिने एवढंच विचारलं, "भाऊ, त्या दिन तुम्ही का बरं नही उनात?" त्या दिवशी का आला नाहीत. मास्तरांना कोटाचं कारण सांगता आलं नाही. पुढे ती रोज संध्याकाळी धागे कापलेल्या साड्यांचा गठ्ठा कारखान्यात पोचवून परत जाताना दुकानाच्या पायरीवर घटकाभर बसू लागली. ती बसली की मास्तर पाय थांबवायचे आणि ती उठून गेली की पुन्हा मशीन सुरू करायचे. चौकीवरून बोलावणं आलं तर हात जोडायचे. वर्षभरात त्यांच्या हातचं काम घसरलं. बाह्या लहानमोठ्या व्हायला लागल्या. गिऱ्हाइकं बोलू लागली. एका अक्षय्य तृतीयेला ते गावी गेले आणि आलेच नाहीत. पुढच्या हिवाळ्यात वारल्याचं कळलं.

ते वारल्याचं कळल्यावर महिनाभराने मी तिथून चाललो होतो. दुकानाला कुलूप होतं आणि ती पायरीवर बसलेली होती. तिने मला पहिल्यांदाच हाक मारली.

"तुम्ही त्या वकीलना जोडे काम करतस ना? मंग सांगा, चाकू कोना घर सापडना?" चाकू कुणाच्या घरी सापडला.

मला ठाऊक होतं. मास्तरांनी मला सांगितलं होतं, आणि गल्लीपेक्षा आरोपीच्या वकिलाच्या कारकुनाचा शब्द तिला खरा वाटला असता.

"ताई," मी म्हणालो, "कोर्टाच्या कागदात आहे तेवढंच मला माहीत."

तिने मान हलवली, पदराचे धागे झटकले आणि सरकून माझ्यासाठी पायरीवर जागा केली. मी बसलो नाही.