शाळेच्या इतिहासातलं एक वाक्य

प्रार्थना संपली होती. सगळी शाळा मैदानात रांगेत उभी. मला एकटीला स्टेजवर बोलावलं.

मी नववीत होते. आईबापासोबत ऊसतोडीला गेलते, महिनाभर शाळा बुडवून परत आलते. आई फडातच बाळंत झालेली. तान्ह्या बहिणीला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं.

स्टेजवर इतिहासाचे सर उभे होते. संस्थाचालकांचे चिरंजीव. त्यांना सर कोणी म्हणायचं नाही, भैय्यासाहेब म्हणायचे. त्यांनी माझी वेणी धरली, तोंड माइकपुढे ओढलं.

"बोल. मी कोपीतली हाय. माझी जागा फडात हाय. बोल."

कोपी म्हणजे कारखान्यावरची आमची पाचटाची झोपडी. दर हंगामाला मी तिच्यातच राहिलेली. त्यात लाज वाटण्यासारखं काही असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी बोलले नाही. त्यांनी मारलं. उघडा पंजा, सगळ्या ताकदीनं, डाव्या कानावर. मी स्टेजवरून खाली पडले. पोरं हसली. मग हसायची थांबली. कानातून रक्त येत होतं.

तो कान गेला. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, पडदा फाटलाय.

आई तान्ही लेक घेऊन तीन दिवस शाळेच्या फाटकासमोर बसली. चौथ्या दिवशी बापाला कार्यालयात बोलावलं. दार लावून घेतलं. बाप बाहेर आला तेव्हा त्याचा ओठ फुटला होता आणि अंगठ्याला शाई होती. 'मुलगी पायरीवरून पडली', अशा कागदावर त्याचा अंगठा घेतला होता. आष्टीच्या एसटीत तो मला एवढंच म्हणाला, "त्यांच्यापुढं आपुन कोन हाय, बाई?"

मी दुसऱ्या शाळेतून दहावी केली. पुढं टायपिंग शिकले. आता बीडमध्ये कोर्टाजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. शिकणाऱ्या पोरांचे, विधवांचे, पेन्शनवाल्यांचे फॉर्म. मी कोणाला माझा कान सांगत नव्हते.

गेल्या वर्षी एक मुलगी दुकानात आली. त्याच शाळेतली. प्रकल्पासाठी शाळेचा इतिहास छापून पाहिजे होता. इंटरनेटवर तो ज्ञानकोश आहे ना, कोणालाही लिहिता येतो असा, त्यात शाळेचं पान होतं. मी छापलं. छापता छापता वाचलं. 'ऊसतोड मजुरांच्या लेकरांना या शाळेत मायेची सावली मिळाली.'

मुलगी गेली. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि ओकले.

मग मी ते पान सुधारायला बसले. रीतसर. आधी शुद्धलेखन नीट केलं. मग पानाची सुरुवात. पानावर शाळेचा जन्म थेट भैय्यासाहेबांच्या वडिलांपासून होता. त्याआधी निजामाच्या काळात दोन खोल्यांत उर्दूतून तीच शाळा भरत होती, एक मौलवीसाहेब शिकवत होते. त्यांना पुसून टाकलं होतं. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकात मला त्यांचं नाव सापडलं. संदर्भ देऊन घातलं. कोणी काढलं नाही. मला बळ आलं.

मग मी माझं वाक्य घातलं. 'या शाळेत ऊसतोड मजुराच्या मुलीला शिक्षकाने मारहाण केली व तिचा कान कायमचा निकामी झाला.'

तासाभरात ते उडालं. उडवणाऱ्यानं कारण दिलं होतं, संदर्भ नाही. त्याचा नियम बरोबर होता. मला मार पडला, हे कागदावर कुठं होतं? जो कागद होता तो पायरीवरून पडल्याचा होता.

मी ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं काढून घेतली. दुपारी दुकान बंद करून जायचे. धुळीनं खोकला लागला. किती दिवस गेले, मोजले नाहीत. शेवटी सापडल्या. आतल्या पानावर तळाला चार ओळी. शिक्षकाच्या मारहाणीत विद्यार्थिनीचा कान निकामी, आईचे शाळेसमोर ठिय्या आंदोलन. आईचं नाव छापलेलं. मारणाऱ्याचं नव्हतं.

मी वाक्य परत घातलं. खाली वर्तमानपत्राचं नाव, तारीख. मारणाऱ्याचं नाव मीही लिहिलं नाही, कारण ते छापलेलं नव्हतं. नियम मी पाळला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी भैय्यासाहेब दुकानात आले. आता संस्थेचे अध्यक्ष. सोबत दोन माणसं. माझा पत्ता कोणी दिला, माहीत नाही. ग्रंथालयात मी नाव लिहूनच आत जायचे.

"कोनाच्या सांगण्यावरून लिहितीस गं?"

"ती पोरगी मीच हाय."

"कोनती पोरगी?"

त्यांना आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथं काहीच नव्हतं. माझा सगळा जन्म त्या एका थपडेनं वाकडा केला आणि यांच्या ध्यानातही नाही. त्या क्षणी माझ्या तोंडातली अहोजाहो संपली.

तो म्हणाला, "पूस ते."

"न्हाई पुसणार."

एकानं माझा मॉनिटर उचलून फरशीवर आदळला. दुसऱ्यानं केस धरून माझं कपाळ टेबलावर आपटलं. एकदा. परत एकदा. डोळ्यांत रक्त उतरलं. भैय्यासाहेबानं स्वतः माझा उजवा हात धरला, करंगळी मागं वाकवली.

"ह्याच हातानं लिहिलं नव्हं? ह्याच हातानं पूस."

हाड मोडल्याचा आवाज माझ्या चांगल्या कानानं ऐकला. मी ओरडले. पण पूस म्हटल्यावर पुसते, असं माझ्या तोंडून निघालं नाही. डावा हात मोकळा होता. हाताला लोखंडी स्टूल लागलं. मी ते फिरवलं. त्याच्या जबड्यावर बसलं. तो फॉर्मांच्या ढिगात पडला, त्यानं दोन दात थुंकले. मी परत उचललं. त्याची माणसं त्याला ओढत बाहेर घेऊन पळाली. बाहेर रिक्षावाले, वकील, पक्षकार सगळे बघत उभे होते. कोणी आत आलं नाही.

मी तशीच पोलीस ठाण्यात गेले. तिथले साहेब म्हणाले, "ताई, कशाला वाढवता? आपसात मिटवा."

कपाळातलं रक्त त्यांच्या टेबलावर ठिबकत होतं. मी रुमाल घेतला नाही. "लिहून घ्या. तवर मी उठत न्हाई," म्हणाले. अंधार पडायच्या आत लिहून घेतलं. भैय्यासाहेबानंही माझ्यावर गुन्हा टाकला. स्टुलानं मारल्याचा.

ते वाक्य त्यानंतर कितीदा तरी उडवलं गेलं. मी डाव्या हातानं परत घालत गेले. शेवटी ज्ञानकोशाच्या माणसांनी वर्तमानपत्राचं कात्रण तपासलं, वाक्य ठेवलं आणि नवख्यांना त्या पानावर लिहायला बंदी केली.

करंगळी वाकडी जुळली. पुढच्या महिन्यात कोर्टात उभं राहायचंय. वकील म्हणतात, स्टूल मारलं हे कबूल करू नका, ते धडपडून पडले म्हणा.

मी तसं म्हणणार नाही. हो, मारलं, असं सांगणार. कोणाला, कशानं, कुठं, आणि त्याआधी त्यानं काय काय केलं, सगळं ओळीनं सांगणार. शिक्षा झाली तर भोगणार. पण या खेपेला कोणी पायरीवरून पडलेलं नसेल.