बुडालेलं जहाज आणि आईचा व्हिसा

स्टॉकहोमचे तीन दिवस मी एक्सेलमध्ये आखले होते. राजवाडा, जुनं शहर आणि पहिल्याच सफरीत बुडालेलं ते जुनं जहाज. कुठे किती मिनिटं, हेसुद्धा लिहिलेलं. घरातला कारभार माझ्याच हातात असतो आणि मला ते आवडतं.

आई कराडहून आमच्याकडे आयर्लंडला, डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला आली होती ती बायकोच्या बाळंतपणासाठी. आठवा महिना चालू होता. "बाळ आलं की आईंना घराबाहेर पडता येणार नाही. ठरल्याप्रमाणे आत्ताच फिरवून आण. मी ग्रँड आहे, अगदी मजेत," असं बायकोच इथल्या आयरिश ढंगात म्हणाली.

तिसऱ्या दिवसासाठी ठेवलेलं जहाज पावसामुळे मी दुसऱ्याच दिवशी उरकायला घेतलं. समुद्रातून वर काढून संग्रहालयात ठेवलेलं, काळंभोर, अख्खं जहाज. गाइड सांगत होती आणि मी आईला मराठीत सांगत होतो. राजाने हौसेने बांधून घेतलेलं हे जहाज वर जड झालंय हे लोकांना आधीच कळलं होतं. धक्क्यावर असतानाच खलाशांना डेकवर इकडून तिकडे पळवून पाहिलं, तर ते इतकं डोलायला लागलं की पळणं थांबवावं लागलं. तरी ते निघालंच.

"मग राजाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"तापट असंल," आई म्हणाली आणि बाकावर टेकली.

मी शेजारी बसून उद्याचं चेक-इन करायला घेतलं. माझा पासपोर्ट आता आयरिश, त्यामुळे माझं मिनिटात झालं. आईच्या व्हिसाची माहिती भरायला मी तिचा पासपोर्ट उघडला आणि तेव्हा कुठे नीट बघितलं. आयर्लंडचा व्हिसा एकाच प्रवेशाचा होता. तो प्रवेश महिन्यापूर्वीच झाला होता. स्वीडनचा वेगळा व्हिसा लागतो हे मला ठाऊक होतं, तो मी आई निघण्याआधीच मुंबईहून काढूनही घेतला होता. परत आयर्लंडमध्ये शिरायचं कसं, हे मात्र डोक्यातच आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

त्याहून वाईट म्हणजे आयर्लंडचा व्हिसा आला त्या दिवशी आईने फोनवर विचारलं होतं, "यावर सिंगल लिहिलंय रे. मधी फिराय गेलो तर चालतं का?" मी मीटिंगमधून बाहेर आलो होतो. "आई, तुला त्यातलं काही कळतं का? मी आहे ना बघायला!" असं म्हणून मी फोन ठेवला होता.

शनिवार होता. जिथे जिथे फोन लावला तिथे सोमवारी करा असं रेकॉर्डिंग वाजलं. आईला काही न सांगता मी तिला जुन्या शहरातून फिरवलं. फोटो काढले. ती हसत होती. कदाचित विमानतळाच्या काउंटरवर कुणी नीट बघणारच नाही, असल्या आशेवर मी ती रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या बाईने नीट बघितलं. पानं उलटली, कुणाला तरी फोन केला आणि म्हणाली, "यांना डब्लिनच्या विमानात घेता येणार नाही." नवा व्हिसा यायला आठवडे लागणार होते. स्वीडनचा तीन दिवसांत संपत होता. उरलं मुंबईचं विमान.

मी बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईंनी काही खाल्लंय का?"

आईने मात्र एकदाही डोळ्यांत पाणी आणलं नाही. पर्स छातीशी धरून ती सांगत राहिली. "अळीव प्रेसमधी वरच्या फळीवर हाय. डिंक तुपात मंद तळ, करपवू नको. तिला गारठ्यात उठू देऊ नको." कपाटाला आयरिश लोकांसारखं प्रेस म्हणायचं ती महिन्याभरात आमच्याकडूनच शिकली होती.

सिक्युरिटीच्या रांगेपाशी माझ्याने राहवलं नाही. "आई, निघताना तुझ्या लक्षात आलं होतं का गं?"

"आलं होतं की."

"मग बोलली का नाहीस?"

"इचारलं होतं न्हवं एकदा."

तिने माझी कॉलर सरळ केली, दोन पावलं पुढे गेली आणि परत वळली.

"तिच्यावर तरी ओरडू नको आता," ती म्हणाली. "एकटी हाय ती."