पाच मात्रांचा दाता

चन्नवीर मास्तर सात रस्त्याकडच्या एका खाजगी शाळेत पेटी वाजवत. अकरा वर्षं झाली, तरी नोकरीत कच्चेच. शाळेचं गीत त्यांनी रचलं होतं; गॅदरिंगला पोरं ते उभ्यानं म्हणत. पण शाळेला मास्तरांपेक्षा देणगीदारांचं कौतुक फार. ज्यानं बाकं दिली त्याचं नाव दुसऱ्या कडव्यात, ज्यांनी घड्याळ दिलं त्या श्रीमंतशेठांचं तिसऱ्यात. गाताना ‘श्रीमंत दाता’ हे शब्द आले की पोरं उजवा पाय दाणकन् आपटत. हा रिवाज पोरांनीच पाडलेला.

त्या साली श्रीमंतशेठांचं आणि कमिटीचं फाटलं. शेठ भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून घेऊन गेले. त्यांचे वैरी रावजीशेठ पाण्याची टाकी बांधायला पुढं आले. हेडमास्तर म्हणाले, “नाव बदला. गीत झकास झालं की तुम्हाला कायम करतो.”

मास्तर हरखून घरी आले. “अगं, श्रीमंतच्या मात्रा पाच, रावजीच्याही पाच! बाकी अक्षराला धक्का नाही!”

त्यांची बायको नागव्वा भाकरी थापत होती. तिच्या कडक भाकरी विकूनच घर चालायचं. “मात्रा जुळल्या, पर पोरांच्या पायाचं काय? ती त्याच जागी आपटनार की. कडवंच गाळा.”

“तुला गाण्यातलं काय कळतं?”

“न्हाय बा. अकरा वरसं नुसता धूर खाल्ला मी.”

गॅदरिंगला रावजीशेठ हारतुरे घेऊन पहिल्या खुर्चीत बसले. मास्तरांनी सूर दिला. तिसरं कडवं आलं. दोनशे पाय एकदम आपटले आणि दोनशे तोंडांतून निघालं, ‘श्रीमंत दाता!’ धूळ थेट शेठांच्या नव्या पंपशूवर. शेठ पानसुपारीलाही थांबले नाहीत. टाकी गेली. नाव बदलायला लावणारे हेडमास्तर कमिटीला म्हणाले, “मास्तरांची तालीमच कच्ची!” मास्तरांना पुन्हा एक वर्ष कच्चं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर पेटी उघडून बसले. “चाल मात्र सुटली नाही हं पोरांची. एकजात सुरात होती.”

नागव्वानं परात पुढं ओढली. मास्तर गात राहिले, ती थापत राहिली. तिसरं कडवं आलं तसा तिचा हात परातीत दाणकन् पडला.

मास्तर थांबले. “अगं, तूसुद्धा? रावजी म्हणायचं तिथं!”

“मी कुटं काय म्हनलं?” फाटलेली भाकरी गोळा करत ती म्हणाली. “हात म्हनला.”