एक ओंडका, दोन साडू

वाळवीचं शेपटाकडचं टोक चिमट्यात धरून तो असं अलगद ओढायचा की अख्खं आतडं धाग्यासारखं बाहेर यायचं. म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला चिमटाच म्हणत. त्या आतड्यात भिंगाखाली सूक्ष्मजीवांचे जत्थेच्या जत्थे वळवळत असायचे. वाळवी लाकूड नुसतं खाते, पचवतात हे आतले भाडेकरू.

समोरच्या टेबलावर त्याचा थोरला साडू. बायका सख्ख्या बहिणी, पण नवऱ्यांचा अबोला. साडूने दिलेल्या कपाटात वाळवी निघाली. ती कपाटाबरोबर आली की चिमट्याच्या भिंतीतून, यावर एकमेकांची पिढीजात अक्कल काढून झाली होती.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी एकाच ओंडक्यातली वाळवी दोघांना एकेका डब्यात वाटून दिली होती. साडूने ती कुजक्या लाकडावर पोसायची, चिमट्याने कोऱ्या कागदावर. खुराकाने भाडेकरू कसे बदलतात ते बघायचं होतं. ज्याच्या डब्यातली वाळवी मेली, त्याचं टेबल जाणार आणि बाटल्या धुवायच्या खोलीत रवानगी!

साडूचा डबा गचाळ, तर आपला लख्ख हवा. म्हणून बुरशी दिसताच चिमट्याने डबा दिव्याखाली चांगला शेकवला. वाळवी जगली, पण आतले भाडेकरू एकजात गेले. कागदाने पोट टम्म, तरी उपासमार. यावर उपाय एकच होता. धडधाकट वाळवी मागच्या दाराने दुसरीला आपल्या पोटातलं भाडेकरूंसकट भरवते. आणि धडधाकट वाळवी होती साडूकडे.

"साडूबुवा, थोडी वाळवी हवी होती."

"का, कपाटातली संपली?"

मॅडम समोरच होत्या, म्हणून साडूने मूठभर दिली, तीही डोळे वटारून. डब्यात टाकताच दोन्हीकडच्या एकमेकींना चावत सुटल्या. एका ओंडक्यातल्या, पण आता वासही ओळखीचा उरला नव्हता.

"अरे कसाया, माझ्या पोरी मारतोस?" साडू धावला. "गार कर आधी! आखडल्या की भांडत नाहीत."

फ्रीजमधून काढलेला डबा पुढ्यात घेऊन साडू चिमट्याच्याच टेबलावर ठाण मांडून बसला. शिव्या चालूच. पोरी मात्र जाग्या झाल्या त्या एकाच ढिगात.

काही दिवसांनी मॅडमनी दोन्हींकडची आतडी पाहिली. "आता दोन्हींत सारखेच भाडेकरू. तुलना कसली करू? एक डबा बंद. एक टेबलही."

"ह्यालाच पाठवा बाटल्यांवर," साडू म्हणाला. "मुक्या जिवांना कागद चारतो."

"आणि आतडी कोण काढणार? तुम्ही काढता त्याचे तुकडे होतात. तुम्ही पाळा, हे ओढतील. एकाच टेबलावर."

"म्हणजे पोरी मी वाढवायच्या आणि आतडी ह्याने काढायची?"

चिमट्याने स्टूल ओढलं.

"सरका जरा. कोपर लागतंय तुमचं."