साडेसात इंच

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे साडेआठ. प्रत्येकी पन्नास फ्री थ्रो. हजर चौघे — पर्सोनेलचे देसाईसाहेब, वेल्डिंगचा रशीदभाऊ, पॅकिंगमधला किरण आणि मी. एवढं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. जे लिहिलेलं नाही, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरातसुद्धा नाही.

उर्स्याजवळच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला आहे. सव्वीस वर्षं हजेरी लावतो. कुणाची पाच मिनिटं कधी इकडची तिकडे केली नाहीत — मित्राचीही नाहीत. म्हणून तर कंपनीच्या बास्केटबॉल संघाची वही माझ्याकडे आली. कोणी किती बॉल टाकले, किती आत गेले, सगळं त्यात. वाद झाला की पोरं म्हणायची, "काकांच्या वहीत बघा," आणि वाद तिथंच मिटायचा. ही बढाई नाही. माझ्यावर एवढा विश्वास नसता तर पुढचं मला जमलंच नसतं.

लोणावळ्याच्या स्पर्धेसाठी बारा जणांचा संघ द्यायचा होता. अकरा नावं ठरली. बाराव्या जागेसाठी दोघं उरले, म्हणून देसाईसाहेबांनी त्या रविवारची चाचणी ठेवली. रशीदभाऊ सत्तेचाळीस वर्षांचा, एकोणीस वर्षं संघात, उजव्या गुडघ्याला कायम पट्टा. किरण बावीसचा, पवनेकडच्या गावातला, ठेकेदाराच्या हजेरीवर. आणि आमच्याकडे एक रीत होती. लेखी नव्हती, पण होती. ठेकेदाराकडचा मुलगा संघात खेळला की वर्षभरात त्याला कंपनीत कायम करून घ्यायचे. माझ्या डोळ्यांसमोर तिघं तसे कायम झाले होते. म्हणजे रशीदभाऊसाठी ती एक शेवटची स्पर्धा होती. किरणसाठी काय होतं, ते त्याला माहीत होतं, मला माहीत होतं.

आकडे सांगू? मागच्या अकरा रविवारांची सरासरी, पन्नासात — किरण एक्केचाळीस, रशीदभाऊ सदतीस. देसाईसाहेबांनी ही सरासरी मागितली असती तर चाचणीची गरजच नव्हती. त्यांनी मागितली नाही. मी दाखवली नाही.

इथं थांबलो असतो तरी एक वेळ —

नाही. थांबलो नाही, तेच तर सांगायचं आहे.

त्याआधी आणखी एक. शुक्रवारी दुपारी कँटीनमध्ये रशीदभाऊ माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "पोराला घ्या यार. माझा गुडघा आता मला शिव्या देतो. तूच सांग साहेबांना, मला तोंडानं बोलायला जड जातंय." मी म्हणालो, बघतो. शनिवारी साहेब मला दोनदा भेटले. मी त्यांना पंखा दुरुस्तीचं सांगितलं, गेटपासचं सांगितलं. हे सांगितलं नाही. संध्याकाळी रशीदभाऊला सांगितलं की साहेब चाचणीवरच अडून बसलेत, तू ये.

का? रशीदभाऊवरच्या प्रेमापोटी, असं मी कित्येक महिने स्वतःला पटवत होतो. पण त्यालाच नको होतं ना! खरं असं, की आमच्या वयाचा संघात तो एकटाच उरला होता. त्याच्या शेजारी बसून मी वही लिहायचो, एका डब्यातलं खायचो. तो गेल्यावर त्या बाकावर मी कोणाचा कोण? नवी पोरं मोबाईलवर आकडे ठेवतात. एवढंच होतं. एवढ्यासाठी.

आमचं कोर्ट मागच्या गेटजवळ आहे, सिमेंटचं. रंगवलेल्या रेषा कधीच उडून गेल्यात. म्हणून फ्री थ्रोची रेष दर वेळी चुन्याची फक्की टाकून मीच मारायचो — दोरीला बांधलेला ओळंबा बोर्डावरून खाली सोडायचा, तिथून टेपनं पंधरा फूट. त्या दिवशीही तशीच मारली. आधी रशीदभाऊनं टाकले. किरण रिंगखाली उभा राहून बॉल परत देत होता, मोठ्यानं मोजत होता. पन्नासात छत्तीस. तोवर पायांनी फक्की विस्कटून रेष पार पुसट झाली होती.

साहेब फोन घेऊन गेटकडे गेले. किरण बाटली भरायला नळावर गेला. रशीदभाऊ पाठ करून पट्टा सोडत होता. मी टेप धरली. आणि रेष पंधरा फूट साडेसात इंचांवर मारली.

अंदाजानं नाही. मोजून. साडेसात.

किरणच्या पहिल्या दहातले चारच गेले. बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत यायचे. तो थांबला. खाली पाहिलं, रिंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, रेष बराबर हाय ना? लांब वाटतीय."

"टेप लावून मारलीय," मी म्हणालो.

यातला एक शब्द तरी खोटा होता का? तो लाजून हसला. "मंग माझाच हात आखडलाय." आणि रिंगखालून रशीदभाऊ ओरडला — "अरे लेका, लग्नाच्या मांडवात उभा हायेस का? खांदे सोड! टाक निवांत!"

त्यानंतरच्या चाळीसात त्यानं एकतीस टाकले. त्या लांबच्या रेषेवरून. शेवटचे बारा तर एकही न चुकता. रशीदभाऊ प्रत्येक बॉलला नाचत होता, आणि मी पेन्सिल धरून बसलो होतो — मनातून काय म्हणत होतो ते लिहायचं धाडस अजून होत नाही.

पस्तीस. एकानं कमी.

साहेबांनी वहीवर सही केली. त्या वहीत आजही एक आकडा खोटा नाही. किरणनं आधी रशीदभाऊच्या पाया पडून घेतलं, मग माझ्या. मी वाकलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवला. सगळे गेल्यावर बादलीभर पाणी ओतून रेष धुऊन काढली.

लोणावळ्यात रशीदभाऊ एकूण सहा मिनिटं खेळला. दुसऱ्याच सामन्यात आम्ही हरलो. एप्रिलमध्ये ठेकेदाराची वीस माणसं कमी झाली, त्यांत किरण होता. त्याचं नाव हजेरीपटातून मीच काढलं. रशीदभाऊ अजून म्हणतो, "एका बॉलनं पोराचं नशीब गेलं बघ." मी मान हलवतो.

किरण आता कामशेतला एका तांदळाच्या दुकानात असतो. पोती उतरवतो, काट्यावर माप करतो. गेल्या आठवड्यात गेलो होतो. माझ्याआधी एक बाई होत्या, जरा सढळ घाल म्हणून मागं लागल्या होत्या.

"मावशी, आकडा बघा की. पाच म्हंजे पाच," किरण म्हणाला. मग त्याला मी दिसलो. एकदम खुलला. "हे आमचे काका. यांना इचारा माप काय असतं. टेप लावल्याबिगर साधी रेष मारायचे न्हाईत."

बाई माझ्याकडे बघून हसल्या. मी म्हणालो, "बरोबर आहे."

त्यानं मला दहा किलो इंद्रायणी मोजून दिला. काट्यावरचा आकडा थिरावेपर्यंत थांबला, मग वर आणखी एक मूठ टाकली. सातशे रुपये झाले. ते मी त्याच्या हातात दिले. त्यानं मोजून घेतले नाहीत.