मापाचा अंगठा

पादत्राणांच्या त्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी ताईंना शोधायचं, मग बूट. ताई बुटक्या स्टुलावर बसायच्या, समोरच्याचं पाऊल मांडीवर घ्यायच्या, बूट चढवायच्या आणि पुढच्या टोकाला अंगठ्याने दाबून बघायच्या. हा बूट चावणार की निभावणार, ते तेवढ्यात त्यांना कळायचं. "हा तुमचा नाही, ठेवा," असं त्या म्हणाल्या की भलेभले मुकाट्याने ठेवायचे. मालक चरफडायचा, पण ताईंनी दिलेला बूट कधी परत येत नसे, म्हणून गप्प बसायचा.

याच मालकाला जाहिरातीची हौस आली. त्याने काम करणाऱ्या ताईंचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला. कुणा उपद्व्यापी माणसाने तो उचलला आणि एआयकडून त्याचे भलतेच व्हिडिओ करून घेतले. चेहरा ताईंचा, आवाज ताईंचा, अंगावर दुकानाचा तोच निळा कोट. आणि ही बाई परक्या पुरुषांची पावलं कुरवाळत लाडेलाडे बोलतेय. पावलांचा शौक असलेल्यांसाठी पैसे घेऊन चालवलेलं एका साइटवरचं पानच होतं ते. ताईंना हे जावेकडून कळलं. जावेला कुठून कळलं, ते मात्र जावेने सांगितलं नाही.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी त्या साइटकडे तक्रार केली. उत्तर आलं, की यात नग्नता नाही, तेव्हा नियमभंगही नाही. मग नवऱ्याला घेऊन त्या पोलीस चौकीत गेल्या. तिथल्या साहेबांनी व्हिडिओ शांतपणे, जरा जास्तच शांतपणे, शेवटपर्यंत पाहिला.

"अहो, अंगभर कपडे आहेत. यात अश्लील म्हणून मी काय दाखवू?"

"मग लोक पैसे मोजून बघतात कशाला?" ताई म्हणाल्या.

"असतो एकेकाचा शौक. शौकाला कलम नाही."

"शौक असू दे की! कुणाला पाय आवडतील, कुणाला कान. त्यात माझं तोंड कशाला? मला कुणी विचारलं होतं?"

"पण या तुम्ही नाहीच ना? मशीनने बनवलंय सगळं. मग तुमचं गेलं काय?"

नवरा म्हणाला, "लोकांना खरंच वाटतंय ना, साहेब."

"लोकांना काय, काहीही वाटतं."

आता बोला! खोटं आहे म्हणून गुन्हा होत नाही, आणि खऱ्यासारखं आहे म्हणून धंदा जोरात चालतो. नियम करणाऱ्यांनी लाज कपड्यांवरून मोजली, आणि ताईंची लाज त्या मापात कुठेच बसेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

दुकानात नवीच गिऱ्हाइकं यायला लागली. बूट घ्यायचा नसे. पाय पुढे करून नुसतं हसायचं. मालकाने आपली जाहिरात काढून टाकली आणि वर ताईंनाच म्हणाला, "काही दिवस गोदाम सांभाळा." म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

"मी काय केलंय म्हणून जाऊ?" ताई गरजल्या. "मी इथंच बसणार." आणि बसल्या.

मग एक दिवस निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. ताईंचं जुनं गिऱ्हाईक, पाय सुजरे. ताईंनी पाऊल मांडीवर घेतलं, बूट चढवला, अंगठा पुढे नेला आणि थबकल्या. पलीकडच्या बाकावर एकजण मोबाइल धरून बसला होता. तो काय बघत होता, देव जाणे.

"बाई, जरा तुम्हीच दाबून बघता?"

"मला काय कळतंय त्यातलं? तूच सांग."

"बसतोय," ताई अंगठा न लावताच म्हणाल्या.

थोड्याच दिवसांत बाई लंगडत आल्या. बूट घरातल्या घरातच घालून बघितले होते, तरी करंगळीला पट्टी होती. रागावल्या नाहीत, नुसता खोका पुढे ठेवला. मालकाने निमूट पैसे परत दिले. ताईंना त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

त्या दुपारी ताई खोका काखेत मारून एकट्याच चौकीत गेल्या आणि तो साहेबांच्या टेबलावर आपटला.

"माझं गेलं काय, विचारत होतात ना? हे बघा."

साहेबांनी झाकण काढलं. बूट उचलून उलटसुलट पाहिले, आत डोकावले, तळ बोटाने पुसून बघितला.

"अहो बाई," ते म्हणाले, "हे तर नवेकोरे आहेत."